फेडरल ट्रायल जज फ्रँक जॉन्सन यांची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तीस वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात दिवाणी वकिली केली. मुलगी अटलांटाला असते. तिच्याकडे गेले असताना अडीच तासांच्या अंतरावर असलेल्या, अलाबामा राज्यातल्या मॉंटगोमेरीला जाणं झालं आणि तिथल्या फेडरल कोर्टाच्या इमारतीवर फ्रँक एम. जॉन्सन (ज्युनिअर) हे नाव पाहिलं. तेव्हापासून हा माणूस मी वाचते आहे. लॉ कॉलेजच्या मुलांशी, बार असोसिएशनमधल्या ज्युनिअर मंडळींशी आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांशी बोलताना ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं एकदा लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

फेडरल ट्रायल जज म्हणजे आपला जिल्हा न्यायाधीशच ना?

नावावरून तसं वाटतं, पण फरक मोठा आहे. अमेरिकेत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालतात. प्रत्येक राज्याची आपापली कोर्टं असतात. खून, घटस्फोट, भाडेकरूचा वाद हे बहुतेक सगळं तिथे चालतं. दुसरी व्यवस्था केंद्राची, म्हणजे फेडरल. केंद्राचे कायदे, राज्यघटनेतले हक्क, दोन राज्यांतल्या नागरिकांमधले मोठे दावे तिच्याकडे जातात. या फेडरल व्यवस्थेची पहिली पायरी म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्ट. देशभरात असे ९४ डिस्ट्रिक्ट आहेत. साक्षीदार याच पायरीवर उभा राहतो, कागद याच पायरीवर दाखल होतो. वरच्या कोर्टात फक्त युक्तिवाद होतो.

मुख्य फरक अधिकाराचा. आपल्याकडे एखादा कायदा घटनाबाह्य ठरवायचा असेल तर हायकोर्टात जावं लागतं. तिथला ट्रायल जज साक्षीपुरावा नोंदवतो आणि तोच राज्याचा कायदा रद्दही करू शकतो, गव्हर्नरला मनाई हुकूमही देऊ शकतो. आपल्या जिल्हा न्यायाधीशाचं टेबल आणि हायकोर्टाची लेखणी एकाच माणसाकडे आहे असं समजा.

परीक्षा असते का? नेमणूक कशी होते?

परीक्षा नाही, मुलाखतीची यादी नाही, बदली नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते. त्या राज्याच्या सिनेटरांचं मत फार चालतं, म्हणजे नेमणुकीत राजकारण असतंच आणि कुणी ते लपवतही नाही. पण एकदा शपथ झाली की नेमणूक तहहयात. घटनेचे शब्द असे आहेत की वर्तन चांगलं असेपर्यंत न्यायाधीश पदावर राहील आणि पदावर असताना त्याचा पगार कमी करता येणार नाही. पुढच्या गोष्टी वाचताना ही दोन वाक्यं लक्षात ठेवा. त्यांच्याशिवाय यातलं काहीच घडलं नसतं.

जॉन्सन कुठले? घरचं वातावरण कसं होतं?

जन्म ३० ऑक्टोबर १९१८ चा, अलाबामाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ विन्स्टन काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). दक्षिणेत राहूनही हा भाग नेहमी उलट्या प्रवाहात पोहला. १८६१ मध्ये अलाबामा देशातून फुटून निघाला तेव्हा विन्स्टनच्या लोकांनी त्याला विरोध केला. तिथे मोठे मळे नव्हते, गुलामही फार थोडे होते, त्यामुळे गुलामगिरी टिकवण्याच्या लढाईत त्यांना आपलं काही दिसत नव्हतं. शंभर वर्षांनंतरही सगळं राज्य डेमोक्रॅटिक पक्षाचं आणि विन्स्टन रिपब्लिकन, असं होतं.

अलाबामा विद्यापीठातून १९४३ मध्ये कायद्याची पदवी घेतली, मग पायदळात अधिकारी म्हणून गेले आणि नॉर्मंडीच्या लढाईत जखमी झाले. परत येऊन जॅस्पर नावाच्या लहान गावात वकिली केली. १९५२ च्या निवडणुकीत आयझेनहॉवर यांच्या प्रचारात काम केलं आणि १९५३ मध्ये उत्तर अलाबामाचे फेडरल सरकारी वकील झाले. तिथे त्यांनी एक वेठबिगारीचा खटला चालवला आणि कर्जाच्या नावाखाली कृष्णवर्णीय मजुरांना डांबून ठेवणाऱ्या दोघा शेतमालक भावांना शिक्षा मिळवली. नोव्हेंबर १९५५ मध्ये मॉंटगोमेरीला मिडल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे मध्य अलाबामाच्या फेडरल कोर्टाच्या, न्यायाधीशपदाची शपथ घेतली तेव्हा वय ३७.

बसचा खटला रोझा पार्क्स यांचाच ना?

नाही, आणि ही चूक बहुतेक सगळे करतात. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही म्हणून रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली. जॉन्सन यांच्या शपथेला तेव्हा महिनाही झाला नव्हता. पार्क्स यांचा खटला राज्याच्या कोर्टात फौजदारी स्वरूपाचा होता आणि तो तिथे वर्षानुवर्षं रेंगाळला असता. हे ओळखून फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने १ फेब्रुवारी १९५६ ला फेडरल कोर्टात वेगळा दिवाणी दावा लावला. त्याचं नाव ब्राउडर विरुद्ध गेल. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, क्लॉडेट कोल्विन आणि मेरी लुईस स्मिथ या चौघी वादी. कोल्विन यांना पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी, जागा सोडली नाही म्हणून बसमधून पोलिसांनी ओढून नेलं होतं.

त्या काळच्या नियमाप्रमाणे राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवायची मागणी असेल तर तीन न्यायाधीशांचं खास पीठ बसायचं आणि त्यांच्यावरचं अपील थेट सुप्रीम कोर्टात जायचं. या पीठावर रिचर्ड राइव्ह्ज, सेबोर्न लिन आणि सगळ्यात कनिष्ठ जॉन्सन. ११ मे १९५६ ला साक्षी झाल्या.

कायद्याचा पेच खरा होता, तो नीट समजून घ्या. १८९६ च्या प्लेसी निकालाप्रमाणे वाहनांमध्ये गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळी पण समान सोय चालत होती. १९५४ च्या ब्राउन निकालाने हे तत्त्व मोडलं, पण फक्त शाळांपुरतं. बसबद्दल सुप्रीम कोर्ट स्पष्टपणे बोललेलं नव्हतं. लिन म्हणाले, वरच्या कोर्टाचा निकाल वरचं कोर्टच रद्द करू शकतं, आपण नाही. हे म्हणणं चुकीचं म्हणता येत नाही. आपणही शिकताना हेच शिकतो. राइव्ह्ज आणि जॉन्सन यांचं मत पडलं की ब्राउननंतर प्लेसीमध्ये जीव उरलेला नाही, आणि जे तत्त्व शाळेत चालत नाही ते बसमध्येही चालू शकत नाही. दोन विरुद्ध एक. जूनमध्ये निकाल आला, १३ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला आणि २१ डिसेंबर १९५६ ला मॉंटगोमेरीच्या बसमध्ये कुणीही कुठेही बसू लागलं. कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेला ३८१ दिवसांचा बहिष्कार तेव्हा संपला.

नागरी हक्कांच्या चळवळीशिवाय हा दावा उभाच राहिला नसता. पण दाव्याशिवाय बसमधली ती पाटी उतरली असती का, याचं उत्तर मी वकील म्हणून "नाही" असंच देते.

म्हणजे ते चळवळीच्या बाजूचे न्यायाधीश होते?

नाही. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बाजू घेणारा न्यायाधीश कुणाच्याच कामाचा नसतो.

१९६१ च्या मे महिन्यात फ्रीडम रायडर्स, म्हणजे बसप्रवासातला वर्णभेद मोडायला निघालेले आंदोलक, बसने मॉंटगोमेरीत आले तेव्हा ग्रेहाउंड स्टँडवर जमावाने त्यांना रक्तबंबाळ केलं आणि पोलीस वेळेवर फिरकलेच नाहीत. जॉन्सन यांनी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेला आणि पोलिसांना हुकमाने बांधलं. त्याच वेळी रायडर्सच्या पुढच्या फेऱ्यांवरही तात्पुरती बंदी घातली. आंदोलकांना ते अर्थातच आवडलं नाही.

त्याआधीचा, अलाबामातल्या टस्कीगी शहराचा खटला पाहा. तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांना शहराबाहेर काढण्यासाठी चौकोनी शहराची हद्द बदलून २८ कोनांची केली होती. जॉन्सन यांनी १९५८ मध्ये हा दावा फेटाळला, कारण हद्द ठरवणं विधिमंडळाचं काम आहे असे जुने निकाल होते. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांना उलटवलं. पुढच्याच वर्षी जॉन्सन यांनी जुनी हद्द परत आणण्याचा हुकूम दिला. आपला निकाल फिरला याचा सल त्यांनी कामात येऊ दिला नाही.

जॉर्ज वॉलेस आणि त्यांचं वैर कशावरून?

दोघं विद्यापीठातले मित्र. वॉलेस पुढे राज्याच्या कोर्टात सर्किट जज झाले (आणि नंतर अलाबामाचे गव्हर्नर). १९५८ च्या सुमारास फेडरल नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीची कागदपत्रं मागितली, वॉलेस यांनी द्यायचं नाकारलं. प्रकरण जॉन्सन यांच्यासमोर आलं. जॉन्सन यांनी नंतर सांगितलेली हकिगत अशी की वॉलेस रात्री उशिरा त्यांच्या घरी आले आणि थोडीशीच शिक्षा द्या, म्हणजे निवडणुकीत उपयोग होईल, असं म्हणाले. जॉन्सन यांनी साफ नकार दिला. मग वॉलेस यांनी कागद गुपचूप ग्रँड ज्युरीकडे (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडे) दिले, तिथून ते आयोगापर्यंत पोहोचले आणि बाहेर मात्र आपण झुकलो नाही असं सांगत राहिले.

जानेवारी १९५९ मध्ये जॉन्सन यांनी त्यांना कोर्टाच्या अवमानाच्या आरोपातून सोडलं, पण निकालपत्रात लिहून ठेवलं की कागद आडमार्गाने का होईना दिले गेले आहेत. हुतात्मा व्हायला निघालेल्या माणसाची आज्ञाधारकता सहीशिक्क्यानिशी नोंदवली गेली. वॉलेस यांनी भर सभांमधून त्यांना खोटारडा म्हटलं आणि पुढची अनेक वर्षं त्यांच्या नावाने मतं मागितली.

सेल्माच्या मोर्चाला त्यांनी परवानगी कशी दिली?

७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्मा शहरात, एडमंड पेटस पुलावर, राज्याच्या पोलिसांनी मतदानाचा हक्क मागत मॉंटगोमेरीला निघालेल्या मोर्चाला लाठ्या आणि अश्रुधुराने तुडवलं. मोर्चेकऱ्यांनी लगेच कोर्टात धाव घेतली. जॉन्सन यांचा पहिला हुकूम काय होता? सुनावणी होईपर्यंत मोर्चा काढू नका. ९ तारखेला मार्टिन ल्यूथर किंग पुलापर्यंत जाऊन परत फिरले, त्यामागे हा हुकूम होता.

मग ११ तारखेपासून रोज सुनावणी. साक्षीदार आले. टेलिव्हिजनवाल्यांनी पुलावर घेतलेली फिल्म कोर्टात लावली गेली. जॉन्सन यांनी मोर्चेकऱ्यांकडून बारीकसारीक योजना लेखी मागून घेतली: किती माणसं, कोणत्या बाजूने चालणार, मुक्काम कुठे, जेवण आणि संडासाची व्यवस्था काय. ज्यांनी कधी पोलीस स्टेशनकडून मिरवणुकीची परवानगी काढली आहे त्यांना हा कागद ओळखीचा वाटेल.

१७ मार्चला हुकूम झाला. त्यात जिल्ह्याजिल्ह्यातल्या मतदार नोंदणीचे आकडे आहेत. मोर्चा ज्या लाउंड्स काउंटीतून जाणार होता तिथे कृष्णवर्णीय लोक बहुसंख्य होते आणि त्यांच्यातला एकही मतदार नोंदलेला नव्हता. हे आकडे मांडून जॉन्सन यांनी म्हटलं की रस्त्यावर येण्याच्या हक्काची व्याप्ती अन्यायाच्या आकाराशी मिळतीजुळती असली पाहिजे, आणि इथला अन्याय प्रचंड आहे. म्हणून राज्याचा हमरस्ता वापरता येईल. पण रस्ता जिथे दुपदरी आहे तिथे ३०० पेक्षा जास्त माणसं चालणार नाहीत. २१ ते २५ मार्च हा ५४ मैलांचा मोर्चा निघाला. बंदोबस्त राज्याला परवडत नाही असं वॉलेस यांनी कळवल्यावर राष्ट्राध्यक्षांनी नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्य) ताब्यात घेऊन रस्त्यावर उभं केलं.

मला या हुकमातला तो ३०० चा आकडा सगळ्यात जास्त शिकवून गेला. तत्त्व एवढं मोठं मांडलं आणि तरी ट्रकवाला कुठून जाईल याचाही विचार केला.

निकाल ज्युरी देते, मग जजला काम काय उरतं?

दिवाणी हुकमांमध्ये बहुधा ज्युरी नसतेच, वरचे सगळे निकाल जजचे. फौजदारीत बारा सामान्य नागरिकांची ज्युरी असते आणि तिथे जज काय करतो हे लिउझो खटल्यात दिसतं. मोर्चा संपला त्या रात्री व्हायोला लिउझो या डेट्रॉइटहून आलेल्या बाईंना क्लॅनच्या माणसांनी गाडीतून गोळ्या घातल्या. राज्याच्या कोर्टात पहिल्यांदा ज्युरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यांदा आरोपी सुटला. मग फेडरल सरकारने १८७० च्या जुन्या कायद्याखाली तिघांवर नागरी हक्कांविरुद्धच्या कटाचा खटला जॉन्सन यांच्यासमोर भरला. सगळे गोरे पुरुष असलेल्या ज्युरीने एकमत होत नसल्याचं कळवलं. जॉन्सन यांनी त्यांना परत पाठवलं: अजून विचार करा, दुसऱ्याचं म्हणणं ऐका. ३ डिसेंबर १९६५ ला तिघंही दोषी ठरले आणि प्रत्येकाला त्या कायद्यातली जास्तीत जास्त म्हणजे दहा वर्षांची शिक्षा झाली.

ज्युरीत कोण बसणार हाही कायद्याचाच प्रश्न. १९६६ च्या व्हाइट विरुद्ध क्रुक खटल्यात जॉन्सन ज्या पीठावर होते त्याने स्त्रियांना ज्युरीतून वगळणारा अलाबामाचा कायदा रद्द केला. आपल्याकडे नानावटी खटल्यात १९५९ मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं आणि सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण मुंबई हायकोर्टाकडे पाठवलं. अमेरिकेत निर्दोष ठरलेल्या आरोपीबाबत जजला हे करता येत नाही.

निकाल दिला की जजचं काम संपलं ना?

याच प्रश्नासाठी मी हे पान लिहायला घेतलं.

दिवाणी वकिली केलेल्या कुणालाही विचारा. हुकूमनामा मिळतो त्या दिवशी पेढे वाटतात, आणि खरं दुखणं दुसऱ्या दिवशी दरखास्तीपासून, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याच्या अर्जापासून, सुरू होतं. माझी एक पक्षकार आजी होती. वाटणीचा हुकूमनामा तिच्या बाजूने झाला तेव्हा ती साठीची होती. ताबा मिळायला अकरा वर्षं गेली. मोजणीची तारीख, हरकत, पुन्हा तारीख. नक्कल ती दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणायची, घडीवर कागद झिजून अक्षरं उडाली होती. "बाई, जिंकले ना मी?" असं ती प्रत्येक तारखेला विचारायची. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नसायचं. कोर्टाचं नाव मी इथे घेणार नाही. असं कुठेही घडतं.

म्हणून जॉन्सन यांचा वायट विरुद्ध स्टिकनी हा खटला वाचताना मी पानापानावर थांबले. टस्कलूसा गावात ब्राइस हे राज्याचं मनोरुग्णालय, पाच हजारांवर रुग्ण. १९७० मध्ये सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून राज्याने ९९ कर्मचारी कमी केले. त्यावरून दावा लागला. वादींमध्ये पंधरा वर्षांचा रिकी वायट होता, त्याची मावशी तिथेच नोकरीला होती. मार्च १९७१ मध्ये जॉन्सन यांनी म्हटलं की ज्याला गुन्ह्याशिवाय, उपचारांसाठी म्हणून कोंडलं आहे, त्याला उपचार मिळण्याचा घटनात्मक हक्क आहे. उपचार नसतील तर ते रुग्णालय नाही, तुरुंग आहे. राज्याला सहा महिने दिले. काही झालं नाही.

मग १९७२ मध्ये त्यांनी किमान निकषांची यादीच हुकमाला जोडली. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत. आठ रुग्णांमागे एक संडास. पंधरा जणांमागे एक शॉवर किंवा टब. प्रत्येकासाठी स्वतंत्र उपचार योजना, किती रुग्णांमागे किती डॉक्टर आणि परिचारिका, हेही त्यात आहे. देखरेखीला मानवी हक्क समिती नेमली. हुकूम पाळला जातो आहे की नाही ते मोजता यावं म्हणून आकडे दिले. "योग्य सोयी पुरवाव्यात" असं मोघम लिहिलं असतं तर राज्याने दरवर्षी "पुरवल्या" असं उत्तर दिलं असतं.

हा खटला २००३ मध्ये बंद झाला. तेहतीस वर्षं. जॉन्सन १९९९ मध्ये वारले, शेवट त्यांनी पाहिला नाही. त्यांच्यानंतरच्या न्यायाधीशांनी तो पूर्ण केला. शाळांच्या बाबतीतही असंच झालं. ली विरुद्ध मेकन काउंटी हा खटला १९६३ मध्ये टस्कीगीच्या एका हायस्कूलपासून सुरू झाला, राज्य आडवं येत राहिलं आणि मार्च १९६७ मध्ये जॉन्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एकाच हुकमाने ९९ शाळा यंत्रणांना भेदभाव संपवायला लावला.

पण न्यायाधीशाने इस्पितळं आणि तुरुंग चालवावेत का?

ही टीका तेव्हाही झाली आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. १९७६ मध्ये जॉन्सन यांनी अलाबामाच्या तुरुंगांबद्दल हुकूम दिला, त्यात प्रत्येक कोठडी किमान ६० चौरस फुटांची हवी इथपर्यंत तपशील होता. अपील कोर्टाने मूळ निष्कर्ष मान्य केला, काही तपशील मात्र कमी केले आणि देखरेख समितीही काढली. निवडून आलेल्या विधिमंडळाचं बजेट निवडून न आलेला माणूस ठरवू लागला तर प्रश्न पडणारच.

माझं मत असं. त्या तुरुंगातल्या आणि रुग्णालयातल्या माणसांना मत नव्हतं, वकील नव्हता, भेटायला येणारं कुणी नव्हतं. विधिमंडळ त्यांच्यासाठी कधीच हललं नसतं. जॉन्सन प्रत्येक वेळी आधी राज्याला मुदत देत, योजना तुम्हीच आणा म्हणत. मुदत वाया गेली तरच स्वतः लिहीत. आपल्याकडे १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या कोठड्यांमधल्या स्त्रियांसाठी सूचना दिल्या, त्यांच्या मुळाशीही हीच अडचण होती.

त्यांना आणि घरच्यांना याची किंमत मोजावी लागली का?

हो. १९५६ च्या निकालानंतर अंगणात जळता क्रॉस लावला गेला. पत्रं, फोन, धमक्या रोजच्याच. शहरातल्या ओळखीच्या लोकांनी बोलणं टाकलं. फेडरल मार्शल घरावर पहारा देत. एप्रिल १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. आई दुसऱ्या खोलीत होती म्हणून वाचली. पत्नी रूथ सगळा काळ बरोबर उभ्या राहिल्या. १९७५ मध्ये त्यांच्या एकुलत्या एक दत्तक मुलाने आत्महत्या केली. त्याचा संबंध लोक अनेक गोष्टींशी जोडतात, मी जोडणार नाही.

त्यांच्या मनाला विसावा लाकूडकामात मिळायचा. तंबाखू चघळणारा, चष्म्यावरून रोखून पाहणारा हा माणूस घरी रंधा घेऊन बसायचा.

बढती मिळाली का?

१९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचे संचालक म्हणून निवडलं, पण महारोहिणीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) फुगवटा आल्याचं निदान झालं, शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी नाव मागे घेतलं. १९७९ मध्ये ते अपील कोर्टात गेले. आधी पाचव्या, मग १९८१ पासून अकराव्या सर्किटमध्ये (सर्किट म्हणजे अपील कोर्टाचा विभाग). १९८५ मध्ये जॉर्जियाच्या समलिंगी संबंधांविरुद्धच्या कायद्याला धक्का देणारं निकालपत्र त्यांनी लिहिलं. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं आणि २००३ मध्ये स्वतःचाच तो निकाल चुकीचा होता असं मान्य केलं. त्याआधी १९७२ मध्ये फ्रँटिएरो खटल्यात, हवाई दलातल्या विवाहित स्त्रीला पुरुषाइतकेच भत्ते मिळावेत असं ते एकटे म्हणाले होते. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्ट आठ विरुद्ध एक मताने तिथेच पोहोचलं.

१९९५ मध्ये त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

आज अशा न्यायाधीशाला पगार किती? निवृत्ती कधी?

२०२५ मध्ये वर्षाला २,४७,४०० डॉलर. निवृत्तीचं वय नाही. पासष्टी झाली आणि वय व सेवा मिळून ८० भरले की पूर्ण पगारावर निवृत्त होता येतं किंवा "सीनिअर" होऊन कमी काम घेता येतं. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन यांना केनेडींनी १९६२ मध्ये नेमलं. ते २०१२ मध्ये १०४ व्या वर्षी वारले तेव्हाही पदावर होते, शेवटी नाकाला ऑक्सिजनची नळी लावून कोर्टात बसत. हे कौतुकाचं आहे, पण निवृत्तीचं वय नसणं मला पटत नाही.

त्यांना काढता येतं का?

फक्त महाभियोगाने. आजवर १५ फेडरल न्यायाधीशांवर तो चालला आणि आठ जणांना सिनेटने दोषी ठरवून काढलं. जॉन्सन यांच्याविरुद्धही अलाबामात ओरड बरीच झाली, प्रत्यक्षात काही झालं नाही. निकाल आवडला नाही हे काढण्याचं कारण होऊ शकत नाही.

भारतीय वंशाचे कुणी आहेत का? आपल्या लोकांचा या कोर्टाशी संबंध कुठे येतो?

आहेत. अमूल थापर केंटकीत डिस्ट्रिक्ट जज झाले, आता अपील कोर्टात आहेत. गुजरातमधल्या पाटणला जन्मलेले अमित मेहता वॉशिंग्टनला आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने सर्च इंजिनच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी राखली हा निकाल त्यांचा. इंदिरा तलवानी, मनीष शहा, विन्स छाब्रिया, अरुण सुब्रमण्यन हेही डिस्ट्रिक्ट जज.

आणि संबंध तुमचा येतोच. अमेरिकेचं नागरिकत्व घेणाऱ्या अनेकांची शपथ फेडरल कोर्टात, डिस्ट्रिक्ट जजसमोर होते. माझ्या मुलीची तशीच झाली. जजबाईंनी प्रत्येक देशाचं नाव घेतलं, त्या त्या देशाची माणसं उभी राहिली, आणि शेवटी त्या म्हणाल्या की आता तुम्हाला ज्युरीचं बोलावणं येईल, ते टाळू नका. वर्षभरात तिला बोलावणं आलं. "आई, रजा टाकून कशाला जाऊ?" असं तिने विचारलं तेव्हा मी तिला लाउंड्स काउंटीची गोष्ट सांगितली. ती गेली.

मॉंटगोमेरीला गेल्यावर काय पाहावं?

कोर्टाची जुनी इमारत १९३३ ची. तिच्या मागच्या बाजूला ग्रेहाउंडचा जुना बसस्टँड आहे, तिथे आता फ्रीडम राइड्सचं संग्रहालय आहे. ज्या स्टँडवर १९६१ मध्ये माणसांना मारहाण झाली तो आणि ज्या कोर्टातून त्या मारणाऱ्यांना हुकूम गेला ते, यांच्यात चालायला मिनिटभरही लागत नाही. पुढे थोडं चालून किंग जिथे पाद्री होते ते डेक्स्टर अव्हेन्यूवरचं चर्च लागतं.

इमारतीत जाताना ओळखपत्र जवळ ठेवा. फेडरल कोर्टात खुली सुनावणी कुणालाही मागच्या बाकावर बसून ऐकता येते. आम्ही गेलो त्या दिवशी एका लहानशा फसवणुकीच्या खटल्यात साक्ष चालू होती. जज साक्षीदाराला म्हणाले, "सावकाश सांगा, आम्हाला घाई नाही," आणि स्टेनो बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.